हद्दपारी आणि मअमन



५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यातून १०४ भारतीयांना परत आणले होते. कागदपत्रांवाचून अमेरिकेत शिरलेले किंवा राहिलेले हे लोक बहुतांशी पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते. तिघे आपल्या महाराष्ट्राचे होते. प्रवासात त्यांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी संसदेत गदारोळ उडाला, तेव्हा परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितले की बंधने घालण्याची ही कार्यपद्धती २०१२ पासून लागू आहे.

त्या जुम्याला नमाज झाल्यावर मशिदीच्या ओट्यावर या विषयाची चर्चा निघाली आणि दोन मते पुढे आली. एक मत असे की चोरवाटेने गेले, पकडले गेले, परत आले. यात रडण्यासारखे काय आहे? दुसरे मत असे की जमीन अल्लाहची आहे, पोटासाठी निघालेल्या माणसाला कुंपण कसले? दोन्ही मते मांडणारे माझ्या ओळखीचे, नेक लोक आहेत, आणि दोघांनाही आपापले मत इस्लामचे मत वाटते. म्हणून हा प्रश्न येथे सविस्तर मांडावासा वाटला. माणसाला परत पाठवणे हा मुळातच जुलूम आहे काय? नसेल, तर तो जुलूम केव्हा होतो? शिवाय जगातील राज्यांचे याविषयीचे धोरण दर दहा-वीस वर्षांनी बदलत आले आहे. हा बदल बऱ्याच्या दिशेने झाला की वाईटाच्या, हे आपण कोणत्या मापाने ठरवावे?

सीरतमधील ज्या प्रसंगाकडे या प्रश्नासाठी वळायला हवे, तो प्रसंग आपण व्याख्यानांतून बहुधा घाईने ओलांडतो. हिजरी सन ६, म्हणजे इ.स. ६२८. मक्केच्या वेशीवर हुदैबिया येथे आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) आणि कुरैश यांच्यात दहा वर्षांचा तह ठरत होता. कुरैशच्या बाजूने बोलणी करीत होते सुहैल बिन अम्र, जे पुढे स्वतः इस्लाममध्ये आले. तहातील एक कलम असे होते की कुरैशपैकी जो कोणी आपल्या पालकाच्या परवानगीवाचून प्रेषितांकडे येईल, त्याला परत करावे लागेल. मुसलमानांपैकी जो कुरैशकडे जाईल, त्याला मात्र ते परत करणार नाहीत. कलम उघड उघड एकतर्फी होते. तह लिहून पुरा होतो न होतो तोच एक तरुण पायांतल्या बेड्या ओढत मुसलमानांच्या तळावर येऊन पडला. तो होता अबू जन्दल (रजि.), खुद्द सुहैल यांचा मुलगा. इस्लाम स्वीकारल्याबद्दल बापाने त्याला डांबून ठेवले होते.

सुहैल म्हणाले, या कलमाची पहिली अंमलबजावणी याच्यापासूनच होईल. प्रेषितांनी त्याला आपल्याखातर वगळण्याची विनंती केली. सुहैल बधले नाहीत. अबू जन्दल यांनी मुसलमानांना आपल्या अंगावरच्या खुणा दाखवून विचारले की मला पुन्हा त्या छळाकडे पाठवणार काय? प्रेषितांनी त्यांना धीर धरायला सांगितले, अल्लाह तुझ्यासाठी आणि तुझ्यासारख्यांसाठी वाट काढील असा दिलासा दिला, आणि दिलेल्या शब्दाला जागून त्यांना परत जाऊ दिले. हजरत उमर (रजि.) यांची त्या दिवशीची तगमग सीरतच्या प्रत्येक ग्रंथात नोंदलेली आहे.

वाचकहो, येथे थोडे थांबा. प्रेषितांनी परत पाठवले. हे वाक्य मऊ करून सांगण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. इस्लामला सीमा, तह, परवाने यांपैकी काहीच मान्य नाही असे सांगणारे आपल्यातील उत्साही वक्ते या पानावर अडतात. राज्याने दिलेला शब्द, हजारोंची सुरक्षितता, युद्ध टळणे, या गोष्टींना वजन आहे, आणि त्या वजनापुढे एका निरपराध माणसाचे परतणेही एका क्षणी स्वीकारावे लागले. म्हणून परत पाठवणे म्हणजे जुलूमच, असे सरसकट म्हणता येत नाही.

परंतु त्या कलमाचे पुढे काय झाले? आपला विषय तेथून सुरू होतो.

तहानंतर काही काळाने उम्मे कुल्सूम बिन्त उक्बा (रजि.) मक्केहून एकट्या मदीनेला आल्या. त्यांचे भाऊ पाठोपाठ येऊन मागणी करू लागले. या प्रसंगी सूरह अल्-मुम्तहिना मधील दहावी आयत उतरली. श्रद्धावंत स्त्रिया देशत्याग करून आल्या, तर त्यांची पारख करावी आणि त्या खरोखर श्रद्धावंत आहेत असे दिसले तर त्यांना परत करू नये, असा तिचा आदेश आहे. सूरहचे नावच या पारखण्यावरून पडले आहे. तहाच्या शब्दांत फक्त पुरुषांचाच उल्लेख होता म्हणून स्त्रिया मुळातच त्यातून बाहेर होत्या, की या आयतीने त्यांना बाहेर काढले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. निष्पत्ती एकच: उम्मे कुल्सूम परत गेल्या नाहीत.

दुसरी घटना अबू बसीर (रजि.) यांची. ते पळून मदीनेला आले. कुरैशने दोन माणसे धाडली आणि कलमाप्रमाणे त्यांना स्वाधीन करण्यात आले. वाटेत त्यांनी एका पहारेकऱ्याला ठार केले व ते मदीनेला परत आले. पण आपल्याला येथे ठेवून घेतले जाणार नाही हे ओळखून समुद्रकिनाऱ्याकडे निघून गेले. अबू जन्दल तेथे त्यांना जाऊन मिळाले. मक्केहून निसटलेला जो तो तिकडे जाऊ लागला. शामच्या व्यापारी वाटेवर त्यांची टोळी उभी राहिली आणि कुरैशच्या काफिल्यांना वाट चालणे कठीण झाले. शेवटी कुरैशनीच प्रेषितांकडे निरोप पाठवला की या लोकांना आपल्याकडे बोलावून घ्या, यापुढे येणाऱ्याला परत मागणार नाही. दोन वर्षे पुरी होण्याआधीच ते कलम, ज्यांनी आग्रहाने घातले त्यांच्याच विनंतीवरून, संपले.

इतिहासाचा एक विद्यार्थी म्हणून मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या कलमात जो जो बदल झाला, तो एखाद्या नावाच्या माणसामुळे झाला. अबू जन्दल, उम्मे कुल्सूम, अबू बसीर. कोण आले, कुठून आले, त्यांच्या पाठीमागे काय आहे, हे विचारले गेले. ज्याला परत पाठवले त्यालाही आधी समोर बसवून ऐकले गेले.

ऐकण्याचा हा धडा मुसलमानांनी स्वतः निर्वासित असताना घेतला होता. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केहून हबशाला गेलेल्या सहाबांना परत आणण्यासाठी कुरैशने अम्र बिन अल्-आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना नजराणे देऊन पाठवले. दरबारी सरदारांना आधीच चामड्याच्या भेटी पोचल्या होत्या. त्यांनी सल्ला दिला की या लोकांना काही न विचारताच सोपवून द्यावे. नजाशीने नकार दिला. माझ्या आश्रयाला आलेल्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून मी त्यांना कोणाच्या हाती देणार नाही, हा त्याचा पवित्रा होता. मग हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) बोलले, आणि नजराणे परत गेले. लक्षात घ्या, त्या क्षणी नजाशी ख्रिस्ती राजा होता व समोरचे लोक त्याला अनोळखी होते. ऐकण्यासाठी त्याने त्यांचा धर्म विचारून मग कान उघडले नाहीत.

आता दिव्य कुरआनातील ज्या शब्दावर हा लेख उभा आहे, त्याकडे येऊ. सूरह अत्-तौबा ही तह मोडणाऱ्यांविरुद्धच्या कठोर आदेशांची सूरह. तिच्या सुरुवातीलाच, सहाव्या आयतीत, शत्रूपक्षातील कोणी आश्रय मागितला तर त्याला आश्रय द्यावा, अल्लाहची वाणी ऐकू द्यावी आणि मग त्याला त्याच्या ‘मअमन’पर्यंत पोचवावे, असा आदेश येतो. मअमन म्हणजे सुरक्षिततेची जागा. ईमान, अमानत, अमान हे शब्द ज्या धातूपासून आले, त्याच धातूचा हा शब्द. वाक्यरचनेत ‘त्याचे’ हे सर्वनाम त्याला जोडलेले आहे. पाठवणाऱ्याला सोयीची वाटेल ती जागा येथे अभिप्रेत नाही. ज्याला पाठवायचे त्याला जेथे सुरक्षित वाटते, ती जागा अभिप्रेत आहे. आयतीतले क्रियापदही पोचवण्याचे आहे. युद्धाच्या धामधुमीत, श्रद्धा न ठेवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा आदेश आहे, हे विसरू नये.

याच्या शेजारी आपल्या मराठीतले शब्द ठेवून पाहा. हद्दपार: हद्दीच्या पार. तडीपार: तडीच्या, काठाच्या पार. दोन्ही शब्द माणूस कुठून गेला एवढेच सांगतात. पलीकडे काय आहे, माळरान आहे की विहीर, याची चौकशी त्या शब्दांत नाही. भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. दंड म्हणूनच ते शब्द जन्मले. पण राज्याची नजर प्रवासाच्या कोणत्या टोकावर आहे, हे तपासायला ही शब्दांची जोडी मला उपयोगी वाटते. एखादे धोरण हद्दीकडे पाहते की मअमनकडे? काळाच्या ओघात ते कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे सरकले?

या कसोटीवर युरोपचा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे, कारण तेथे हे सर्व कायद्याच्या भाषेत, तारीखवार लिहिले गेले आहे.

१३ मे १९३९ रोजी ‘सेंट लुईस’ हे जहाज हॅम्बुर्गहून ९३७ प्रवाशांसह क्यूबाकडे निघाले. जवळजवळ सारे प्रवासी नाझी राजवटीतून निसटू पाहणारे ज्यू होते. क्यूबाने मोजक्यांना उतरू दिले. अमेरिकेने व कॅनडाने दार उघडले नाही. जहाज युरोपला परतले. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम व नेदरलँड्स यांनी प्रवासी वाटून घेतले, आणि पुढे तीन देशांवर जर्मन फौजा आल्या. त्या प्रवाशांपैकी २५४ जण मारले गेले. कोणत्याही देशाने कायदा मोडला नव्हता. मोडण्यासारखा कायदाच नव्हता. १९५१ च्या जिनिव्हा येथील निर्वासितविषयक कराराचे तेहतिसावे कलम या अनुभवातून जन्मले: ज्या सीमेपलीकडे माणसाच्या जीविताला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तेथे त्याला ढकलू नये. आपल्या देशाने या करारावर सही केलेली नाही, हे येथे नोंदवून पुढे जातो.

म्हणजे पूर्वी सारे चांगले होते आणि आता बिघडले, असा सरळ उतार येथे नाही. १९५१ नंतर काही दशके युरोपची नजर मअमनकडे वळत गेली. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या बाबतीत मोठे काम केले. २००९ च्या मे महिन्यात इटलीच्या नौकांनी लिबियाहून येणाऱ्या सुमारे दोनशे लोकांना भर समुद्रात अडवले आणि कोणाचे नाव-गाव न विचारता त्रिपोलीला नेऊन सोडले. त्यांतील काही सोमाली व एरिट्रियन दाद मागायला गेले. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने एकमताने इटलीला दोषी ठरवले. त्या लोकांना धोक्याच्या जागी सोडले, आणि एकेकाचे म्हणणे ऐकून न घेता सर्वांना सामुदायिक रीतीने परत पाठवले, असे निकालाचे सार होते. मदरशात शिकलेल्या माणसाला हे वाचताना नजाशीचा दरबार आठवला नाही तरच नवल.

त्याच काळात, २००८ साली, युरोपीय संघाने परत पाठवणीचा एक समान कायदा केला. परत जाण्याचा आदेश मिळालेल्या माणसाला स्वखुशीने निघण्यासाठी सामान्यतः ७ ते ३० दिवसांची मुदत, सामान्यतः पाच वर्षांपर्यंतची प्रवेशबंदी, आणि स्थानबद्धता सहा महिने, जी आणखी बारा महिने वाढवता येईल, अशी त्याची रचना होती. अठरा महिने कोंडून ठेवण्याच्या या तरतुदीमुळे लॅटिन अमेरिकेतील नेत्यांनी त्याला लाजिरवाणा कायदा म्हटले. गंमत पाहा, आज युरोपातील मानवाधिकार संघटना त्याच कायद्यातील संरक्षक तरतुदी वाचवण्यासाठी धडपडत आहेत. काल जे टोक होते, ते आज मध्य झाले. धोरणे अशीच सरकतात; एका झेपेत कोणी निर्दय होत नाही.

सरकणे कोणत्या वाटेने झाले? आधी माणसाला त्याच्या मायदेशी पाठवले जाई. मग, तो ज्या देशातून वाट काढत आला त्या देशात. १८ मार्च २०१६ रोजी युरोपीय संघ व तुर्की यांच्यात जे ठरले, त्यानुसार तुर्कीहून ग्रीक बेटांवर नव्याने येणाऱ्यांना तुर्कीला परत धाडायचे होते. परत गेलेल्या प्रत्येक सीरियन माणसामागे तुर्कीतील एका सीरियनाला युरोपात घ्यायचे होते, आणि तुर्कीतील निर्वासितांसाठी एकूण सहा अब्ज युरोंचा वायदा होता. पहिल्या चार वर्षांत प्रत्यक्ष परत गेलेल्यांची संख्या अडीच हजारांच्याही आत राहिली, पण हजारो माणसे त्या बेटांवरील छावण्यांत अडकून पडली. तुर्कीने त्या काळात जितक्या सीरियनांना आसरा दिला तितक्यांना जगात कोणी दिला नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

यापुढची पायरी म्हणजे माणसाला त्याने कधी पाहिलेही नाही अशा देशात पाठवणे. ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये लहान होड्यांतून येणाऱ्यांना आफ्रिकेतील रवांडा येथे पाठवण्याची योजना जाहीर केली. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, कारण रवांडातून या लोकांना पुढे त्यांच्या धोक्याच्या मायदेशी ढकलले जाण्याची खरी भीती होती. यावर सरकारने २०२४ मध्ये कायदा करून रवांडा हा सुरक्षित देश आहे असे घोषित केले. न्यायालय म्हणते पाऊस पडतो आहे, संसद म्हणते आम्ही ठराव केला आहे की ऊन आहे! त्याच वर्षी जुलैमध्ये नवे सरकार आले व योजना गुंडाळली गेली. तोवर चारच माणसे तिकडे गेली होती, तीही स्वखुशीने.

ब्रिटनची योजना बुडाली, पण तिच्यामागची कल्पना बुडाली नाही. ११ मार्च २०२५ रोजी युरोपीय आयोगाने २००८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा सुचवला. परत जाण्याचा आदेश झालेल्यांना संघाबाहेरच्या एखाद्या देशात, त्या देशाशी करार करून, ‘रिटर्न हब’मध्ये नेऊन ठेवता येईल, ही त्यातील नवी गोष्ट. एकटी मुले व मुलांसह असलेली कुटुंबे आयोगाच्या प्रस्तावात यांतून वगळली होती. स्थानबद्धतेची कमाल मर्यादा चोवीस महिन्यांवर नेण्याचा प्रस्ताव त्यात होता. आयोगाचे दुखणे समजण्यासारखे आहे: त्या वेळी परत जाण्याच्या दर पाच आदेशांपैकी जेमतेम एकाची अंमलबजावणी होत होती. ज्या आश्रयव्यवस्थेत ‘नाही’ या उत्तराला काहीच अर्थ उरत नाही, तिथे ‘होय’ मिळालेल्या खऱ्या निर्वासिताचेही पुढे कोणी ऐकत नाही. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही.

मात्र शब्दाकडे पाहा. जो माणूस त्या देशातून कधी निघालाच नाही, त्याला तेथे ‘परत’ कसे पाठवणार? परतणे म्हणजे जिथून निघालो तिथे येणे. मराठीत ‘परतवून लावणे’ असाही प्रयोग आहे, तो आपण शत्रूच्या फौजेसाठी वापरतो. फौज कुठे गेली याची काळजी कोणी करत नाही. युरोपच्या धोरणाची वाटचाल ‘परत पाठवणे’ पासून ‘परतवून लावणे’ पर्यंत झाली आहे. नजर दूरच्या टोकावरून अलीकडच्या टोकावर आली. ज्या वेळी यश दर पाचांतील एक, दोन, तीन अशा आकड्यांत मोजले जाऊ लागते, त्या वेळी पलीकडे पोचलेल्या माणसाचे काय झाले हा प्रश्न मोजणीच्या रकान्याबाहेर जातो. हुदैबियाचे कलम माणसांच्या नावांमुळे बदलत गेले होते. येथे कलम आकड्यांमुळे बदलत आहे.

काळाचा आणखी एक प्रश्न आहे. आदेश निघाला, पण माणूस गेला नाही किंवा त्याचा देश त्याला घेईना. वर्षे लोटली. मुले तेथील शाळेत जाऊ लागली. दहा वर्षांनंतरही त्याला कालच आलेल्यासारखे वागवावे काय? आमच्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या ‘अल्-हिदाया’मध्ये अमान घेऊन आलेल्या परक्याचे प्रकरण आहे. हनफी फिकहनुसार त्याला राज्यकर्त्याने बजावून सांगावे की वर्षभर राहिलास तर येथील रहिवासी मानला जाशील. आणि बजावल्यावरही तो वर्षभर राहिला तर तो रहिवासी होतो, मग त्याला आपल्या मूळ प्रदेशात परत जाऊ दिले जात नाही. कोकणातील आपले बहुतेक वाचक शाफई आहेत, त्यांच्या ग्रंथांत मुदतीचा हिशेब वेगळा आहे, आणि ती सारी व्यवस्था जिझियाच्या चौकटीतली, आज लागू नसलेली आहे. ती उचलून आजच्या जगावर ठेवावी असे मी म्हणत नाही. त्यातील विचार मात्र घेण्यासारखा आहे. आधी स्पष्ट सूचना देणे राज्यावर बंधनकारक आहे, आणि राज्याच्या डोळ्यांसमोर गेलेल्या काळाला स्वतःचे वजन आहे. जर्मनीत परत पाठवता न आलेल्या लोकांना ‘सहन केलेले’ असा दर्जा दिला जातो. काहींची त्यात वर्षामागून वर्षे गेली. २०२२ च्या अखेरीस तेथे कायदा झाला की पाच वर्षे असे राहिलेल्यांना अठरा महिन्यांची संधी मिळावी, त्यात त्यांनी भाषा व रोजगार दाखवून कायम व्हावे. स्पेनमध्ये तर ‘मुळे रुजणे’ या अर्थाच्या शब्दानेच असा परवाना ओळखला जातो. मे २०२५ पासून त्यासाठीची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आली. एकाच खंडात, एकाच वर्षी, एक धोरण कोंडण्याचे महिने वाढवू पाहते आणि दुसरे रुजण्याची वर्षे कमी करते.

येथवर राज्यांविषयी बोललो. जाणाऱ्याविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या घराघरांतून माणसे बाहेर जातात. व्हिसा हा अमानचाच एक प्रकार आहे. तो उभयपक्षी करार आहे. करार पाळण्याचा आदेश सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. खोट्या कागदांवर शिरणे, उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन कामासाठी मागे राहणे, याला ‘रोजीसाठी सारे जाईज’ म्हणून झाकता येत नाही. अबू जन्दल छळातून निसटले होते. अधिक पगारासाठी व्हिसा उलटून राहणाऱ्याने त्यांचे नाव आपल्यासाठी वापरू नये. पण करार मोडणारा माणूस करार मोडणारा असतो, त्याहून अधिक काही नाही. त्याच्या हातापायांत साखळ्या घालून केलेल्या चाळीस तासांच्या प्रवासाचे समर्थन त्यातून निघत नाही.

आखातात तर पुष्कळदा माणूस एक पाऊलही न टाकता बेकायदा होतो. मालकाने म्हणजे कफीलने ‘पळून गेला’ अशी नोंद केली, सौदीत ज्याला ‘हुरूब’ म्हणतात, की काल कायदेशीर असलेला कामगार आज नसतो. मग तो पळाला असो वा पगार मागायला उभा राहिला असो. फिकहमध्ये कफील म्हणजे दुसऱ्याचे देणे स्वतःच्या शिरावर घेणारा जामीनदार. दुसऱ्याचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवणाऱ्याला हे नाव कसे चिकटले, हा भाषेचा एक कडवट विनोद आहे. तिकडचे धोरणही बदलत आले आहे. सौदीने २०१३ आणि २०१७ मध्ये, संयुक्त अरब अमिरातीने २००७, २०१८ आणि २०२४ मध्ये माफीची मुदत जाहीर केली, की दंड न भरता निघून जा किंवा कागद नीट करून घ्या. मार्च २०२१ पासून सौदीत बऱ्याच कामगारांना मालकाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येते. आधी सूचना, मग मुदत, मग परतणे, हा क्रम साखळ्यांच्या विमानापेक्षा शरीअतच्या कितीतरी जवळचा आहे. मात्र अशा वेळी आऊटपास घेऊन परतणाऱ्यांत पुष्कळजण घाईत निघतात आणि त्यांचे अनेक महिन्यांचे वेतन तिकडेच राहते.

येथे मुम्तहिनाच्या त्याच दहाव्या आयतीचा दुसरा भाग आठवावा लागतो, ज्याकडे आपले लक्ष कमी जाते. देशत्याग करून आलेल्या स्त्रियांना परत करू नका, असे सांगून आयत लगेच पैशांकडे वळते: मागे राहिलेल्या पतींनी जो मेहर दिला होता तो त्यांना परत करावा. ते पती शत्रूपक्षाचे होते, त्यांचा दावा फेटाळला गेला होता, तरी त्यांचा हिशेब चुकता करायचा होता. सीमेवर माणसाचे काय होते याइतकीच त्याच्या देण्याघेण्याची काळजी घेतली गेली. युरोपीय संघाच्या २००९ च्या एका कायद्यात याच जातीची तरतूद आहे: कागदपत्रांवाचून कामावर ठेवलेल्या कामगाराला परत पाठवायचे असले तरी त्याचे थकलेले वेतन मालकाने दिले पाहिजे, आणि वेगळा पुरावा नसेल तर निदान तीन महिने त्याने काम केले असे गृहीत धरावे.

आपल्या गावांतून आखातात गेलेल्यांच्या घरच्यांनी ही बाब मनावर घ्यावी. माफीची मुदत जाहीर झाल्याचा फोन आला की आपण पहिल्यांदा तिकीट विचारतो. भारत सरकारने २००९ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडकलेल्या गरजू कामगाराच्या परतीच्या तिकिटाला वकिलातीमार्फत मदत मिळू शकते. बुडालेला पगार त्या निधीतून मिळत नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी महिनेवार हिशेब लिहून काढावा, कराराची व पगाराच्या नोंदींची छायाचित्रे घरी पाठवून ठेवावीत, वकिलातीत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि तिकडे मागे राहणाऱ्या एखाद्या भरवशाच्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून मगच विमानतळाकडे निघावे.